मी उभी होती

त्या मराठी संकेतस्थळावर मी पहिला प्रतिसाद लिहिला आणि तासाभरात त्याखाली उत्तर आलं, "विदा द्या." आमच्याकडे विदा म्हणजे निरोप. लग्नानंतर मुलीला विदा करतात, बदली झालेल्या साहेबांना विदा करतात. मला वाटलं, हे लोक मला निघायला सांगताहेत. मी लिहिलं, "आम्ही तर आत्ताच आलो." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. शेवटी एकाला दया आली. त्याने सांगितलं की इथे डेटाला विदा म्हणतात. कोणी काही दावा केला की त्याच्याकडे विदा मागायचा आणि तो त्याला देता आला नाही की आपण जिंकलो असं समजायचं.

नागपुरात सदर भागात माझं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. वडील त्याच जागेत टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटर गेले, मग वडील गेले. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला होता, मी काट्यांचं काम सुरू केलं. किराणा दुकानातल्या छोट्या काट्यापासून अख्खा ट्रक चढतो त्या धर्मकाट्यापर्यंत सगळं बघते. आठवड्यातून तीन-चार फेऱ्या कळमन्याच्या धान्यबाजारात होतात, बाकी तालुक्यांची गोदामं आणि दाल मिला. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार सदरमध्ये गिऱ्हाईक फिरकत नाही. कूलरसमोर बसून फोन चाळायचा, दुसरं काय करणार. अशाच एका दुपारी ते संकेतस्थळ सापडलं. तिथे एका गृहस्थांनी ठणकावून लिहिलं होतं की इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून मापातली लबाडी इतिहासजमा झाली, कारण यंत्राला हितसंबंध नसतात. यंत्राला नसतात, हे मलाही मान्य आहे. यंत्राचं बटण दाबणाऱ्याला असतात, आणि बटण कोणाच्या बाजूला आहे ते आधी बघावं लागतं. मी एवढंच लिहिलं, तर विदा मागितला गेला.

नाव नोंदवताना समोर टेबलावर पाना पडलेला होता, म्हणून मी आयडी घेतला "पाना". त्यात काही डाव नव्हता. पण पाना शब्द पुल्लिंगी, आणि यंत्रं आणि बाजार यांच्यावर बोलणारा माणूस म्हणजे पुरुष, असं धरून दोन दिवसांत माझा पानाशेठ झाला. मी दुरुस्ती केली नाही. दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बघून विचारतं, "मिस्त्री नाही का जी?" मी म्हणते, मीच. मग तो दुकानाच्या आतल्या बाजूला वाकून बघतो, की खरा मिस्त्री मागे लपला असेल. या सगळ्याची सवय झाली होती. इथे पहिल्यांदाच मिस्त्री कुठे आहे असं कोणी विचारलं नाही. मला ते सोयीचं वाटलं.

पण मराठीत स्वतःबद्दल लिहायचं आणि बाई की पुरुष ते कळू द्यायचं नाही, हे काम सोपं नाही. मी जातो लिहिलं की खोटं, मी जाते लिहिलं की संपलं. थोड्या दिवसांत मला वाटा सापडल्या. मी पाहिलं, मी मोजलं, मी उघडलं, मी दुरुस्त केलं, यातून काही कळत नाही. मला वाटतं, माझ्या मते, यातूनही नाही. मी सांगेन, मी बघेन, हेही चालतं. येणं, जाणं, बसणं, उठणं, बोलणं मात्र टाळायचं. अगदीच अडलं तर "आम्ही" लिहायचं. त्यावर एकाने टोमणा मारला, "पानाशेठ राजघराण्यातले दिसतात, सारखं आम्ही आम्ही चाललेलं असतं." मी लिहिलं, "भोसल्यांच्या नागपुरात राहून तेवढीही सवय लागणार नाही का?" लोक खूश झाले.

नागपुरातल्याच नंदनवन वस्तीत आमचं घर. नवरा सरकारी कचेरीत आहे, दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज वाचून त्याला वाक्यं तपासायची खोड लागलेली आहे. एकदा माझा लांबलचक प्रतिसाद वाचून तो म्हणाला, "अख्खं वाचलं बाप्पा. पण तू याच्यात कुठं आहे तेच दिसून नाही राहिलं."

"दिसायचंच नाही," मी म्हटलं.

"मग लिहून काहून राहिली?"

मी त्याला भाजी आणायला पाठवलं.

त्या संकेतस्थळावर एक प्राध्यापक होते. पुण्याचे, अर्थशास्त्राचे, निवृत्त. ही माहिती त्यांनीच आपल्या ओळखीत लिहून ठेवलेली होती. चार वर्षं मी त्यांच्याशी भांडले. डाळीची आयात करावी की नाही, अनुदान मालावर द्यावं की माणसाला, कृत्रिम बुद्धिमत्ता कोणाची कामं खाणार, ऑनलाइन लिलावाने अडत्या जाईल का. त्यांचं म्हणणं कायम एकच : मधला माणूस काढा, यंत्र घाला, भाव आपोआप खरा होतो. माझं म्हणणं कायम एकच : मधला माणूस जात नाही, तो यंत्राच्या मागे जाऊन बसतो. ते मला "अर्धवट अनुभवाचे बळी" म्हणायचे. मी त्यांना "खुर्चीतले शेतकरी" म्हणत असे. एकदा त्यांनी माझ्या एका प्रतिसादाची एक-एक ओळ घेऊन पिसं काढली, पण खाली लिहिलं, "पानाशेठ प्रत्यक्ष काम करणारे गृहस्थ आहेत. त्यांचा एक अनुभव माझ्या दहा संदर्भांच्या तोलाचा आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं." ते वाक्य मी दुकानात तीनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. आयुष्यात कोणी माझ्या कामाबद्दल नाइलाजाने काही मान्य केलेलं नव्हतं. लोक कौतुक करतात, "बाईमाणूस असून" असं म्हणून करतात. कौतुक वेगळं.

आता ज्यावरून हे सगळं घडलं ती गोष्ट सांगते. ती कळमन्यातली नाही. तासा-दीड तासावरच्या एका तालुक्याच्या गावी एका व्यापाऱ्याचं खाजगी गोदाम आहे, तिथली. त्याच्या काट्यांच्या देखभालीचं वर्षाचं काम माझ्याकडे होतं. तुरीचा हंगाम होता. त्याचा फोन आला, काटा उड्या मारतो, आकडा थांबत नाही. मी गेले. प्लेट उचलली, खाली तुरीचे दाणे आणि माती गच्च बसलेली. साफ केलं, माझी प्रमाण वजनं ठेवून चारी कोपरे तपासले. काटा बरोबर झाला. मी उभ्या उभ्या हत्यारं पिशवीत भरत होते आणि तेवढ्यात बाहेर थांबलेल्या ट्रॅक्टरचा माल उतरायला लागला.

व्यापाऱ्याच्या माणसाने रिकाम्या प्लेटवर पायाचा अंगठा आणि चवडा टेकवला, शून्याचं बटण दाबलं, पाय काढला. सगळं इतकं सहज की बघणाऱ्याला वाटावं, चप्पल झटकली. आकड्याच्या जागी उणे चिन्ह आलं आणि पावणेदोन किलोच्या आसपास आकडा. म्हणजे आता येणारं प्रत्येक पोतं तेवढ्याने हलकं. आकड्याचा डबा खांबावर होता आणि त्याचं तोंड व्यापाऱ्याच्या टेबलाकडे. माल आणणारी बाई खांबाच्या मागच्या बाजूला, पोत्यांजवळ. माझ्याच वयाची असेल. तिला डब्याची पाठ आणि वायर दिसत होती.

पहिलं पोतं चढलं. तिने मान वाकडी करून बघायचा प्रयत्न केला आणि मग मला विचारलं, "बाई, आकडा किती दिसून राहिला वं तिकडून?"

मी आकडा वाचला. जो दिसत होता तोच वाचला.

"घरी तं जास्त भरलं होतं," ती म्हणाली.

व्यापारी हसला. "घरचा काटा जुना असंल, माय. ह्या मॅडम मशीनच्या डॉक्टर हायेत. आत्ताच मशीन चेक केली त्यायनं. त्याच सांगून राहिल्या तं आता कोणाले विचारतं?"

बाईने माझ्याकडे बघितलं. मी पिशवीची चेन लावली. पुढचं पोतं चढलं.

घरी येताना गाडीत मी स्वतःला बरीच कारणं दिली. वर्षाचं काम जाईल. एकटी आहे, अनोळखी गाव आहे. ही कारणं खरीच होती. पण त्या माणसाच्या पायाला माझ्या तोंडाची साथ मिळाली होती, हेही खरं होतं, आणि ते कारणांनी पुसलं जात नव्हतं.

दोन-अडीच महिन्यांनी एका सरकारी समितीने बाजारातल्या ऑनलाइन लिलावाबद्दल आणि तोलाईच्या यंत्रांबद्दल लोकांकडून सूचना मागवल्या. कोणीही पाठवू शकत होतं. वेबसाइटवर साधा फॉर्म होता आणि शेवटची तारीख दिलेली होती. आमच्या संकेतस्थळावर उत्साहाची लाट आली. आपण सगळ्यांनी मिळून एक निवेदन पाठवायचं ठरलं. संपादक मंडळाने चर्चेचा धागा काढला, मसुद्याची जबाबदारी प्राध्यापकांकडे दिली. मी एकच कलम मागितलं : काट्याचा आकडा माल विकणाऱ्याला समोरून दिसेल असा असावा, आणि पहिल्या पोत्याआधी रिकाम्या काट्यावरचं शून्य त्याला दाखवावं. मला बाकी निवेदनाशी कर्तव्य नव्हतं. त्या बाईला मी जे दिलं नव्हतं, ते कुठेतरी कागदावर यावं, एवढीच माझी गरज होती.

प्राध्यापकांनी नेहमीप्रमाणे अंगावर घेतलं. "पानाशेठ, डिस्प्ले हा मुद्दाच कालबाह्य आहे. उद्या वजन थेट संगणकात जाणार. माणसाने आकडा बघायची गरजच उरणार नाही."

मी लिहिलं, "शून्यच खोटं असेल तर खोटा आकडा थेट संगणकात जाईल. फक्त लवकर जाईल."

"काट्याचं शून्य खोटं करता येतं हा आपला तर्क आहे की अनुभव? मसुद्यात घालायचं तर आधार लागेल."

दुकानात मी एकटी होते. ती बाई मान वाकडी करून उभी आहे असं मला दिसायला लागलं आणि बोटं चालत गेली. मी लिहिलं, "तर्क नाही. माणसाने पाय ठेवून काटा शून्य केला तेव्हा मी तिथे चार हातांवर उभी होती." आणि पाठवून दिलं.

शाळेत आम्हालाही "मी उभी होते" असंच शिकवलं. घरी, बाजारात, माहेरी, सासरी आम्ही "मी होती" म्हणतो. मी गेली, मी आली, मी करून राहिली. लिहिताना होते, बोलताना होती. रागावल्यावर कोणी लिहीत नाही, बोलतच असतं. चार वर्षं सांभाळलेलं एका ओळीत दोनदा फुटलं. बाई आहे हेही कळलं, आणि कुठली आहे हेही.

पहिलं उत्तर दहा मिनिटांत आलं. "उभी होती? कोण उभी होती? शेठ, वहिनींना टंकायला बसवलंत का?"

"एक तर मी उभा होतो, नाही तर मी उभी होते. मराठीत तिसरा पर्याय नाही."

"नागपुरात आहे. संत्र्यांच्या पेटीबरोबर फुकट मिळतो."

"थांबा थांबा. म्हणजे इतकी वर्षं आपण एका काकूंशी वित्तीय तुटीवर वाद घालत होतो?"

"पानाताई, तुम्ही काटा म्हणता तो काटा-चमच्यातला ना?"

एकाने मात्र माझी बाजू घेतली. त्याने लिहिलं, "हसू नका. ताई या वयात तंत्रज्ञान शिकताहेत ही अभिमानाची गोष्ट आहे." बाकीचे परवडले.

संध्याकाळी प्राध्यापकांचा व्यक्तिगत निरोप आला. "आदरणीय ताई, आपण स्त्री आहात याची कल्पना असती तर मी इतक्या कठोर भाषेत कधीच लिहिलं नसतं. गेल्या चार वर्षांतल्या माझ्या सर्व उद्धट विधानांबद्दल मनापासून क्षमा मागतो." मी उत्तर दिलं की क्षमा नको, कलमाचं काय ते सांगा. त्यांनी लिहिलं, "आपल्या भावनांचा पूर्ण आदर आहे." त्या दिवसानंतर त्यांनी माझं एकही वाक्य खोडलं नाही. मी काहीही लिहिलं की खाली "ताईंचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे" एवढं लिहून ते दुसऱ्या कोणाशी तरी भांडायला जात. माणूस किती सभ्यपणे बाहेर काढता येतो ते मला तेव्हा समजलं.

कलमापुरतं मात्र त्यांनी धाग्यावर लिहिलं, "ताईंचा अनुभव हृद्य आहे. परंतु एका व्यक्तीने कुठेतरी पाहिलेली घटना म्हणजे विदा नव्हे." मी त्यांचंच जुनं वाक्य शोधून चिकटवलं, एक अनुभव दहा संदर्भांच्या तोलाचा. कोणीतरी खाली लिहिलं, "ताई, ते पानाशेठबद्दल होतं." त्याला सर्वांत जास्त पसंती मिळाली.

इथे मी चूक केली. शहाण्या बाईने फोन बाजूला ठेवला असता आणि फॉर्म भरला असता. मी व्याकरणावर उतरले. "मी होती" हे अशुद्ध नाही, अख्खा विदर्भ असंच बोलतो, तुमच्या तीन-चार पेठांची बोली म्हणजे मराठी नव्हे, असं एक लांबलचक लिहून टाकलं. त्यावर सगळे तुटून पडले. कोणी व्याकरणाचे नियम काढले, कोणी शाळेची पुस्तकं काढली. कोणी म्हणालं, म्हणूनच तुम्हाला वेगळा विदर्भ पाहिजे, व्याकरणाचा अनुशेष भरून काढायला. त्यावरून अनुशेष खरा की खोटा हा वाद लागला, मग वीज कोणाची आणि प्रदूषण कोणाचं, मग कापूस, मग ऊस. संकेतस्थळावरचे चार-पाच नागपूर-अमरावतीकर माझ्या बाजूने धावून आले. त्यांच्यातल्या एकाने लिहिलं, "काहून गा, आमच्या बहिणीले शिकवून राहिला का तू?" मला त्याचं बरंही वाटलं आणि संतापही आला, कारण त्यालाही काट्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला बहीण मिळाली होती.

अकरा दिवस हे चाललं. दुकानात दोन काटे उघडे पडून राहिले. एका गिऱ्हाइकाला मी त्याच्या काट्यावरच्या सरकारी तपासणीच्या शिक्क्याची मुदत संपल्याबद्दल झापलं. तारीख कळत नाही का, असं त्यालाच विचारलं.

नवऱ्याने एकदा जेवताना विचारलं, "काय झालं त्या तुझ्या काट्याच्या कलमाचं?"

"चालू आहे."

"मी पाहिलं थोडंसं. कलम तं कुठंच नाही चालू. होती का होते, एवढंच चालू आहे."

"मग? त्यांना तसंच सोडू का?"

तो म्हणाला, "वरण वाढ," आणि विषय संपला.

बाराव्या दिवशी संपादक मंडळाने जाहीर केलं की निवेदन पाठवलं आहे, सर्वांचे आभार. मी मसुदा उघडला. प्राध्यापकांनी लिहिलेला, सुंदर भाषा, नऊ कलमं. सातवं कलम असं होतं : "वजनकाटे प्रमाणित व सुस्थितीत असावेत." हे कायद्यात आधीपासून आहे. गोदामातला तो काटाही प्रमाणित आणि सुस्थितीत होता; त्यावर पाय पडायच्या थोडं आधी मीच केला होता. शेवटी सहभागी सदस्यांची यादी, पंधरा-सोळा आयडी, आणि सगळ्यात खाली, "तसेच नागपूरच्या आमच्या पानाताई". मी संपादकांना लिहिलं की सातवं कलम माझं नाही, माझं नाव काढा. त्यांनी लिहिलं, "ताई, फक्त भाषा सुधारली आहे, आशय तोच आहे. रागावू नका." मी धाग्यावर माझं कलम आणि त्यांचं सातवं कलम शेजारी शेजारी टाकलं. तासाभरात धागा वाचनमात्र झाला. माझं सदस्यत्व रद्द करा म्हटलं तर कळलं की लिहिणं बंद करता येतं, लिहिलेलं काढता येत नाही. म्हणजे ते सगळं अजून तिथेच आहे.

मग मी समितीच्या वेबसाइटवर गेले. फॉर्म उघडला नाही. सूचना पाठवण्याची मुदत संपली आहे, अशी लाल ओळ. मुदत आदल्या दिवशी संध्याकाळी संपली होती. दहा मिनिटांचं काम होतं. संस्था लागत नव्हती, प्राध्यापक लागत नव्हते, होती की होते याची तिथे कोणाला पर्वा नव्हती. मी माझं वाक्य एकटीने कोणत्याही दुपारी पाठवू शकले असते. अकरा दुपारी माझ्याकडे होत्या.

त्यावर मी नंतर बराच विचार केला, आणि जे सापडलं ते मला आवडलं नाही. मी लिहिलं होतं की पाय ठेवून काटा शून्य केला तेव्हा मी तिथे चार हातांवर उभी होती. या वाक्यावर विचारण्यासारखा प्रश्न एकच होता : उभी होती, मग काय केलं? पाठवल्यावर लगेच माझ्या लक्षात आलं होतं की आता हाच प्रश्न येणार. मी त्याचीच वाट बघत होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोनशेच्या वर प्रतिसाद आले. विद्वान होते, तिरकस होते, माझ्या बाजूचे होते. एकालाही तो प्रश्न सुचला नाही. सगळे क्रियापदाला लटकले आणि मीही हुश्श करून त्यांच्यासोबत लटकले. व्याकरणात माझी काही चूक नव्हती. तिथे मी अकरा दिवस छाती काढून लढू शकत होते. हे लिहिताना मी सगळीकडे "होते" लिहिलं आहे ते यासाठीच, की तुमची तरी नजर तिकडे अडकू नये.

त्या गोदामाच्या देखभालीची पाळी पावसाळ्यानंतर आली. मी गेले. काटा तपासला, वजनं ठेवली, सगळं बरोबर होतं. मग मी स्टूल घेतलं, डब्याच्या बुडाचे स्क्रू ढिले केले आणि आकड्याचा डबा फिरवायला घेतला, पोती उतरतात त्या बाजूला.

व्यापारी टेबलावरून उठून आला. "हे काय करून राहिल्या जी, मॅडम?"

"आकडा विकणाऱ्याला दिसला पाहिजे."

"कोण म्हणते? नवीन नियम आला का?"

"नियम नाही. मी म्हणते. आणि काटा रिकामा असताना तुमच्या माणसाने पाय खाली ठेवावा."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. त्याला आठवलं की नाही, माहीत नाही. मग तो हसला, रागावलाही नाही. "फिरवा न मॅडम, खुशाल फिरवा. तुम्ही गेल्या का मी परत फिरवून घेतो. चारच तं स्क्रू आहेत."

त्याचं बरोबर होतं. त्याला मिस्त्रीही लागला नसता. मी डबा पुरता फिरवला, चारी स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत आवळले, हत्यारं भरली आणि कामाचा कागद सहीसाठी पुढे केला. त्याने सही केली. पुढच्या वर्षासाठी त्याचं बोलावणं आलेलं नाही. डबा आता कुठल्या बाजूला आहे, मला माहीत नाही.